आयआरसीची चॅनेल विंडो वाचायची कशी?

आयआरसी (इंटरनेट रिले चॅट) म्हणजे इंटरनेटवर लिहून गप्पा मारायची एक जुनी व्यवस्था, आणि चॅनेल म्हणजे तिच्यातली गप्पांची एक खोली. तिथे पहिल्यांदा आलेला माणूस बहुतेक वेळा पाच-दहा मिनिटांत परत फिरतो. उजवीकडे शे-दोनशे नावांची यादी दिसते, मधल्या भागात कोण आलं नि कोण गेलं याच्या ओळी सरकत राहतात, आणि आपण ‘नमस्कार’ लिहिलं तर कुणी ओ देत नाही. एक तर इथे कुणीच नाही किंवा आपल्याला कुणी विचारत नाही, असं वाटून तो विंडो बंद करतो. मला याचं फार वाईट वाटतं, कारण बऱ्याचदा मदत करणारी माणसं त्या यादीतच असतात. फक्त समोर दिसतंय त्याचा अर्थ त्याला कुणी सांगितलेला नसतो.

पुढचं सगळं ज्या एका गोष्टीवर उभं आहे, ती आधी सांगतो. चॅनेल असतं सर्व्हरवर आणि विंडो असते तुमच्या संगणकावर. सर्व्हर तुमच्याकडे फक्त मजकुराच्या ओळी धाडतो: अमुक आत आला, तमुक बाहेर गेला, अमक्याने हे म्हटलं, टॉपिक (चॅनेलच्या माथ्यावरची सूचनेची ओळ) बदलला. रंग, नावांची यादी, ओळीपुढची वेळ, घंटीचा आवाज हे सगळं तुमचा प्रोग्राम त्या ओळींवरून स्वतः मांडतो. रेडिओवर सामन्याचं धावतं वर्णन ऐकत कुणी फळ्यावर धावफलक लिहीत जावा, तसं हे काम आहे. फळा लिहिणाऱ्याला मैदान दिसत नाही; कानावर पडलं तेवढंच तो फळ्यावर चढवतो. आयआरसीच्या विंडोत जे जे गोंधळात टाकतं, त्यातलं बरंचसं हे ध्यानात ठेवलं की सुटतं.

हे असं का, याचं उत्तर त्याच्या वयात आहे. यार्को ओइकारिनेन यांनी फिनलंडमधल्या ओउलू विद्यापीठात ऑगस्ट १९८८ मध्ये आयआरसी लिहिलं. तेव्हा वेब नव्हतं. संगणकाच्या पडद्यावर काळ्या पार्श्वभूमीवर अक्षरं उमटत, एवढाच थाट. मे १९९३ मध्ये ओइकारिनेन आणि डॅरेन रीड यांनी या व्यवस्थेचे नियम आरएफसी १४५९ या दस्तऐवजात मांडले (इंटरनेटचे तांत्रिक नियम सांगणाऱ्या दस्तऐवजांना आरएफसी म्हणतात). सर्व्हर आणि प्रोग्राम एकमेकांशी कसे बोलतील, ते त्यात बारकाईने सांगितलं आहे. विंडो दिसायला कशी असावी, याबद्दल काही नाही. म्हणून एमआयआरसी, हेक्सचॅट, इर्सी, वीचॅट या प्रोग्रामांमध्ये तेच चॅनेल वेगवेगळं दिसतं. इर्सी आणि वीचॅट तर टर्मिनलमध्ये, म्हणजे नुसत्या अक्षरांच्या विंडोत चालतात, तिथे माउसवाचून काम होतं. तरी वर टॉपिक, मध्ये संभाषण, बाजूला नावं आणि तळाशी लिहायची पट्टी ही मांडणी बहुतेक ठिकाणी ओळखू येते.

चॅनेलमध्ये जायचं तर /जॉइन ही आज्ञा, पुढे जागा सोडून चॅनेलचं नाव. या लेखात आज्ञा देवनागरीत लिहिल्या आहेत, प्रत्यक्षात त्या रोमन अक्षरांत टाइप करायच्या. चॅनेलचं नाव जवळपास नेहमी # या चिन्हाने सुरू होतं. ते नाव एका नेटवर्कपुरतंच, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या सर्व्हरांच्या एका गटापुरतंच असतं, हेही लक्षात असू द्या: लिबेरा चॅटवरचं चॅनेल आणि ईएफनेटवरचं त्याच नावाचं चॅनेल यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो. ‘अमुक चॅनेलवर या’ असं कुणी सांगितलं तर कुठल्या नेटवर्कवर, हे आधी विचारा.

आज्ञा दिली की तीन गोष्टी होतात. तुम्ही आल्याची ओळ आत असलेल्या सगळ्यांना जाते. तुम्हाला टॉपिक मिळतो, आणि तो कुणी, कधी लावला तेही बहुधा कळतं. मग नावांची यादी येते. एवढंच. तुम्ही येण्याआधी काय बोलणं झालं, ते आयआरसीचा सर्व्हर मुळात साठवूनच ठेवत नाही. त्यामुळे विंडोचा मधला भाग कोरा असतो. आजच्या मेसेजिंग ॲपची सवय असलेल्यांना हे खटकतं, पण कोरा भाग म्हणजे चॅनेल ओस पडलंय असं नाही. अर्ध्या मिनिटापूर्वी तिथे कडाक्याचा वाद चालला असेल आणि तुम्हाला त्याची गंधवार्ताही नसेल.

म्हणून टॉपिकची पट्टी आधी वाचा. नव्याने येणाऱ्याला आपोआप मिळणारा जुना मजकूर तेवढाच असतो. जुनीजाणती माणसं त्यात नियम, मदतीच्या पानाचा पत्ता, ‘या चॅनेलची नोंद जाहीर ठेवली जाते’ अशी सूचना, असं सगळं कोंबतात. पट्टी अरुंद असल्याने ते अर्धंच दिसतं. तिच्यावर माउस नेला की बऱ्याच प्रोग्रामांत पूर्ण मजकूर दिसतो; नाहीतर नुसतं /टॉपिक लिहून एंटर दाबा.

आता बाजूची यादी. नावाआधी @ असेल तर तो चॅनेलचा ऑपरेटर, बोलीभाषेत ऑप. तो कुणाला बाहेर काढू शकतो, बंदी घालू शकतो, चॅनेलच्या सेटिंग बदलू शकतो. + असेल तर त्या व्यक्तीला व्हॉइस आहे, म्हणजे चॅनेल नियंत्रित असताना, सगळ्यांना बोलायची मुभा नसतानाही, तिला बोलता येतं. काही नेटवर्कवर %, & आणि ~ हीसुद्धा चिन्हं दिसतात; ती अनुक्रमे अर्धा ऑप, प्रशासक आणि चॅनेलचा मालक यांची. यादीत वर ऑप, मग व्हॉइसवाले, मग बाकीचे वर्णानुक्रमे, असा क्रम बहुतेक प्रोग्राम लावतात. एकही @ दिसला नाही तर चॅनेल बेवारशी आहे असं समजू नका. नोंदणीकृत चॅनेलची देखभाल चॅनसर्व्ह नावाची सेवा करते आणि अनेक ठिकाणी ऑप गरजेपुरताच हा अधिकार घेतात.

यादीतलं नाव म्हणजे पडद्यासमोर बसलेला माणूस नव्हे. आयआरसीवर लोक दिवसचे दिवस जोडलेले राहतात. कामावर असतात, झोपलेले असतात, नाव तिथेच. काही नावं तर बॉट असतात, म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्राम. एखाद्याचं इंटरनेट अचानक तुटलं तरी सर्व्हरला ते लगेच समजत नाही. सर्व्हर अधूनमधून ‘पिंग’ पाठवतो, तुमचा प्रोग्राम गुपचूप ‘पाँग’ म्हणतो. ही देवघेव विंडोत सहसा दिसत नाही. उत्तर आलं नाही की काही मिनिटांनी सर्व्हर ते नाव काढतो आणि ‘पिंग टाइमआउट’ अशी ओळ येते. तोवर ते नाव यादीत बसून राहतं. तेवढ्यात तो माणूस परत जोडला गेला, तर त्याचं मूळ नाव अडकलेलं असतं, म्हणून प्रोग्राम त्याला शेवटी अधोरेषा जोडून नवं नाव देतो. एकाच माणसाची दोन नावं यादीत दिसण्याचं नेहमीचं कारण हेच.

मधला भाग कसा वाचायचा, ते एका नमुन्यावरून पाहू. नावं काल्पनिक आहेत. बहुतेक नेटवर्कवर निकनेम रोमन अक्षरांतच घ्यावं लागतं आणि या ओळीही इंग्रजीत येतात.

[२१:०४] * चकोर आत आला
[२१:०५] <चकोर> माझ्या पानावरच्या तक्त्याचे रकाने एकमेकांवर चढतात, कुणी पाहील का?
[२१:०७] * पारवा बाहेर पडला (पिंग टाइमआउट: २४० सेकंद)
[२१:०७] * टिटवी_ आता टिटवी या नावाने
[२१:१९] <@मैना> चकोर: रुंदीचा ठरावीक आकडा काढून टाक आणि बघ
[२१:२०] * चकोर बघतो

कोनी कंसात नाव असेल तर ते बोलणं. ताऱ्याने सुरू होणारी ओळ म्हणजे घटना: कुणी आलं, गेलं, नाव बदललं. शेवटची ओळ मात्र घटना नाही. ती चकोरने /मी ही आज्ञा वापरून लिहिली आहे (इंग्रजीत ती ‘एम-ई’ अशी टाइप होते), म्हणून त्याचं नाव वाक्याचा कर्ता होऊन येतं. मैनाने ओळीच्या सुरुवातीला ‘चकोर:’ लिहिलंय, ते उगाच नाही. आपलं निकनेम ओळीत आलं की आपला प्रोग्राम ती ओळ ठळक करतो, आवाज देतो, विंडोच्या नावाचा रंग बदलतो. याला हायलाइट म्हणतात. दुसऱ्या खोलीत गेलेल्या माणसाला परत बोलावण्याचा हाच मार्ग आहे. पूर्ण नाव टाइप करायची गरज नाही. पहिली दोन-तीन अक्षरं लिहून टॅब दाबली की प्रोग्राम नाव पुरं करतो, ओळीच्या सुरुवातीला असेल तर पुढे विरामचिन्हही लावतो. आयआरसीवर एकच सवय लावून घ्यायची असेल, तर ती टॅबची. चुकीच्या स्पेलिंगला हायलाइट होत नाही.

नमुन्यात प्रश्न आणि उत्तर यांच्यामध्ये चौदा मिनिटं गेली आहेत. आयआरसीवर हा वेग चांगला मानतात. ‘एक प्रश्न विचारू का?’ असं विचारून थांबणाऱ्याला सहसा उत्तर मिळत नाही, कारण त्यात उत्तर देण्यासारखं काही नसतं. चकोरसारखं करावं: अडचण पहिल्याच ओळीत मांडावी, विंडो उघडी ठेवावी आणि आपल्या कामाला लागावं. हायलाइट झालं की कळेलच.

आलेल्या-गेलेल्यांच्या ओळी मोठ्या चॅनेलमध्ये इतक्या होतात की बोलणं हरवतं. त्या लपवता येतात. हेक्सचॅटमध्ये चॅनेलच्या नावावर उजवी क्लिक करून तो पर्याय मिळतो. वीचॅटमध्ये ‘स्मार्ट फिल्टर’ आहे आणि मला ही युक्ती सगळ्यांत आवडते: इतक्यात काहीच न बोललेल्या माणसाच्या येण्या-जाण्याच्या ओळी तो लपवतो, पण नुकताच तुमच्याशी बोलत असलेला कुणी उठून गेला तर ते दाखवतो. लहान चॅनेलमध्ये मात्र हे काही लपवू नये. समोरचा निघून गेला आणि आपण त्याला सविस्तर उत्तर लिहीत बसलो, असं होतं.

कधीतरी एकदम पन्नास-शंभर जण गेल्याच्या ओळी येतात आणि थोड्या वेळाने तितकेच जण परत येतात. हे नेटस्प्लिट. आयआरसीचं नेटवर्क म्हणजे एकमेकांना जोडलेले अनेक सर्व्हर. त्यातला एक दुवा तुटला की पलीकडच्या सर्व्हरवरचे सगळे तुम्हाला गेलेले दिसतात. गंमत अशी की त्यांच्या विंडोत तुम्ही गेलेले असता. कुणीही कुठे गेलेलं नसतं. बाहेर पडण्याच्या कारणाच्या जागी दोन सर्व्हरची नावं दिसली तर ओळखावं, आणि वाट पाहावी.

ओळीपुढच्या वेळेचंही तसंच. मूळ नियमांत संदेशासोबत वेळ जातच नाही. ओळ पोचली त्या क्षणी तुमच्या संगणकाच्या घड्याळात जे वाजले असतील, ते प्रोग्राम लिहितो. म्हणून दोघांनी जपलेल्या एकाच संभाषणाच्या नोंदीत वेळा जुळत नाहीत, कधी तर ओळींचा क्रमही वेगळा असतो.

आता तळाची पट्टी. बहुतेक चुका इथेच होतात, म्हणून इथे जरा थांबू. पहिलंच अक्षर / असेल तर ती आज्ञा, नसेल तर ते बोलणं, थेट सगळ्या चॅनेलला. नजरचुकीने / च्या आधी एक जागा सुटली तर आज्ञेचं बोलणं होतं. निकनेमची नोंदणी सांभाळणाऱ्या निकसर्व्ह या सेवेला पासवर्ड पाठवताना लोक अशा प्रकारे तो भर चॅनेलमध्ये जाहीर करतात, आणि आयआरसीवर पाठवलेली ओळ परत घेता येत नाही. त्यामुळे पासवर्डाची आज्ञा चॅनेलच्या विंडोत लिहूच नये. सर्व्हरची किंवा स्टेटसची वेगळी विंडो असते, तिथे लिहावी. तिथे चूक झाली तरी ऐकायला कुणी नसतं. प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये पासवर्ड ठेवून तो जोडतानाच आपोआप जाईल असं करणं त्याहून बरं.

दुसरी गोष्ट फार जणांना माहीत नसते. तुम्ही एंटर दाबल्यावर तुमची ओळ विंडोत उमटते, ती सर्व्हरकडून परत आलेली नसते. पारंपरिक पद्धतीत सर्व्हर तुमचं बोलणं इतरांना पाठवतो, तुम्हाला नाही. तुमचा प्रोग्रामच ती ओळ पडद्यावर लिहून टाकतो, पोचली असेल या विश्वासावर. चॅनेल नियंत्रित म्हणजे ‘एम’ मोडवर (मोड म्हणजे चॅनेलची सेटिंग) असेल आणि तुम्हाला व्हॉइस नसेल, तर तुमचं वाक्य तुम्हाला व्यवस्थित दिसतं आणि खाली ‘चॅनेलला पाठवता येत नाही’ अशी ओळ येते. ती नजरेतून सुटली तर माणूस तासभर उत्तराची वाट पाहत बसतो. उत्तर येत नसेल तर आपल्या ओळीखाली काय आलंय, हे आधी बघा.

याच कारणाने मराठीत लिहिणाऱ्यांची एक खास अडचण होते. आयआरसीच्या एका संदेशाला ५१२ बाइटची मर्यादा आहे, आणि त्यात तुमचं निकनेम, तुमचा पत्ता, चॅनेलचं नाव आणि ओळ संपल्याच्या खुणा हे सगळं धरलेलं आहे. प्रत्यक्ष मजकुराला साधारण चारशे-साडेचारशे बाइट उरतात. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो. देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत तीन लागतात, आणि काना, मात्रा, हलन्त ही सगळी वेगळी चिन्हं. ‘नमस्कार’ म्हणजे न, म, स, हलन्त, क, काना, र अशी सात चिन्हं, एकवीस बाइट. या हिशेबाने एका ओळीत सुमारे १३० चिन्हं बसतात, म्हणजे दोन मध्यम वाक्यं. बरेच प्रोग्राम लांब मजकुराचे आपणहून तुकडे करतात. जे करत नाहीत, तिथे सर्व्हर उरलेला भाग कापतो, कधी एका चिन्हाच्या मधोमध, आणि समोरच्याला शेवटी प्रश्नचिन्हाचा चौकोन दिसतो. तुम्हाला मात्र तुमच्या विंडोत पूर्ण परिच्छेद दिसत असतो! म्हणून मराठीत लिहिताना वाक्यागणिक एंटर दाबावं.

मात्र मोठा मजकूर चिकटवू नये. वीस-तीस ओळी एकदम पाठवल्या तर सर्व्हर त्याला ‘एक्सेस फ्लड’ म्हणजे ओळींचा अतिरेकी मारा ठरवून तुमची जोडणीच तोडू शकतो, आणि तसं झालं नाही तरी बाकीच्यांचं बोलणं वर ढकललं जातं. असा मजकूर पेस्टबिनसारख्या, मजकूर चिकटवून ठेवायच्या संकेतस्थळावर ठेवून त्याचा दुवा द्यावा.

मोडविषयी थोडक्यात. विंडोच्या शीर्षकात किंवा टॉपिकशेजारी +एनटी अशी अक्षरं दिसतात. ‘एन’ म्हणजे बाहेरून कुणी चॅनेलला संदेश पाठवू शकत नाही, ‘टी’ म्हणजे टॉपिक फक्त ऑप बदलतात. ‘आय’ असेल तर निमंत्रण लागतं, ‘के’ असेल तर परवलीचा शब्द, ‘एल’ म्हणजे माणसांची मर्यादा, ‘एस’ म्हणजे चॅनेल नेटवर्कवरच्या चॅनेलांच्या यादीत दिसत नाही. ‘बी’ म्हणजे बंदी.

विंडो काही गोष्टी दाखवत नाही, त्याही माहीत हव्यात. यादीतलं कोण संभाषणाची नोंद जपून ठेवतंय, ते कळत नाही; सगळेच ठेवतात असं धरून चालावं. तुम्ही आत येताच इतरांच्या विंडोत तुमच्या निकनेमसोबत तुमचा इंटरनेट पत्ताही दिसू शकतो. काही नेटवर्क तो झाकतात, काही झाकत नाहीत. एखाद्याची माहिती दाखवणाऱ्या /हूइज या आज्ञेपुढे स्वतःचं निकनेम लिहून पाहा, पण तुम्हाला स्वतःला दिसतं ते सगळं इतरांना दिसेलच असं नाही, म्हणून नेटवर्कचे नियमही वाचा. जोडताना पोर्ट ६६९७ निवडलं तर सर्व्हरपर्यंतचा मार्ग टीएलएसने, म्हणजे मजकूर सांकेतिक करून, सुरक्षित होतो. जुन्या ६६६७ वर सहसा सगळं उघड्यावर जातं. खासगी संदेशाची वेगळी विंडो उघडते, पण तो संदेशसुद्धा सर्व्हरवरूनच जातो.

हेक्सचॅट किंवा एमआयआरसीत चॅनेलची विंडो बंद करणं म्हणजे चॅनेल सोडणं. नुसती नजरेआड करायची असेल तर दुसऱ्या विंडोवर जा. मागे काही घडलं तर डावीकडच्या किंवा खालच्या पट्टीत तिच्या नावाचा रंग बदलतो. घटनेला एक, बोलण्याला दुसरा, हायलाइटला तिसरा असे रंग असतात. संगणक बंद असतानाचंही बोलणं हवं असेल तर बाउन्सर लागतो. झेडएनसी हा त्यातला प्रसिद्ध. तो एखाद्या सतत चालू असणाऱ्या संगणकावर तुमच्या नावाने जोडलेला राहतो आणि तुम्ही परतल्यावर मधल्या ओळी हाती देतो. आयआरसीव्ही३ या नव्या सुधारणांमुळे काही सर्व्हर आता वेळ पाठवतात, तुमचं बोलणं तुम्हाला परत देतात आणि जुना मजकूरही पुरवतात, पण सर्व्हर आणि प्रोग्राम दोघांनाही ते यावं लागतं.

हे सगळं डोळ्यांनी बघायचं असेल तर एकाच संगणकावर दोन वेगळे प्रोग्राम उघडा, दोन निकनेम घ्या आणि कुणी वापरत नसेल अशा नावाच्या चॅनेलमध्ये जा. रिकाम्या चॅनेलमध्ये पहिला शिरणारा ऑप होतो, त्यामुळे पहिल्या विंडोत तुमच्या नावाआधी @ दिसेल. मग दुसऱ्या निकनेमने आत या, पहिल्यातून /मोड, चॅनेलचं नाव आणि +एम पाठवा, आणि दुसऱ्यातून काहीतरी लिहून दोन्ही विंडो शेजारी ठेवून पाहा. पुढे ‘एम’ काढून एक लांबलचक मराठी परिच्छेद पाठवा, आणि तुमचा प्रोग्राम त्याचे तुकडे करतो की सर्व्हर तो कापतो, हे समोरच्या विंडोत तपासा.